दाजींच्या गाडीत ट्रॅक्टरचं तेल
जळक्या तेलाचा वास आला की मला अजून बी दाजी आठवत्यात, म्हंजे माज्या बहिणीचा नवरा. त्यांनी नवी डिझेल गाडी घेतलीती आन् मला इंजिनाचं तेल आणाय धाडलं. दुकानदार बरोबर डबा दावत हुता, तर मीच म्हटलं, "पावणं, हे पाण्यावानी पातळ काय देताय? ट्रॅक्टरचं घट्ट द्या की!" मला वाटलं, घट्ट तेल म्हंजे पैलवानाचा खुराक. तेच आणून मी गाडीत वतलं. थोड्या म्हैन्यांनी जोतिबाच्या चढाला गाडीनं दम टाकला. बहीण, तिची सासू, सगळी उन्हात रस्त्यावर उभी. मेस्त्री आला, तेल बघून म्हणला, "ह्यात ट्रॅक्टरचं तेल कुणी वतलं? सायलेन्सरातली धूर गाळायची जाळी पार तुंबलीया." दाजी म्हणलं, "मीच." बहीण त्यांच्यावर खवळली, "डोस्क्यात भुस्सा भरलाय काय तुमच्या?" आन् मी, फुकटचा शहाणा, म्हटलं, "व्हय की दाजी, मला तरी इचारायचं!" दाजी नुसतं हसलं. आता बी सणाला जेवाय बसलं की बहीण त्यांना त्यावरनं टोमणं मारती. दाजी म्हणत्यात, "ते ऱ्हाऊ दे, त्याला अजून एक पोळी वाढ की," आन् माज्या घशाखाली पहिलीच उतरत न्हाय.