बरोबरीत सोडवलेली सायकल

कोल्हापूरच्या एका तालमीच्या पंचांनी माझ्या वडिलांना फसवलं. जिंकलेली सायकल शर्यत बरोबरीत सोडवली आणि इनामाची चांदीची गदा परत कपाटात ठेवली. वडील गेले, पंच गेले, गदा अजून तिथेच आहे. तिच्यासाठी मी नगरहून गाडी काढली. माझा पंपांच्या सुट्या भागांचा धंदा, तेव्हा शिरोली एमआयडीसीतलं कामही त्याच फेरीत उरकायचं ठरवलं.

शिरोलीत फौंड्रीवाल्याशी भावावरून माझा आवाज चढला. त्याचा माझ्याहून चढला. दोघांचे घसे बसल्यावर सौदा झाला आणि तो मला हाताला धरून मिसळ खायला घेऊन गेला. वर 'कट' (तिखट रस्सा) मी हट्टाने मागून घेतला आणि डोळ्यांतून धारा लागल्या. तो म्हणाला, "पावणं, भावात रडला न्हाईसा, हितं रडताय व्हय?" गाव मला तिथेच आवडलं, आणि त्याचाही राग आला.

वडील बिदागी घेऊन ट्रॅकवर सायकल पळवणाऱ्या अगदी पहिल्यांपैकी. तालमीत जोर-बैठका काढायचे, थंडाई प्यायचे आणि जत्रेत कडेला चढ दिलेल्या मातीच्या ट्रॅकवर पैलवानांसारखी जोड लावून पळायचे. सायकलला ब्रेक नाही. चाक फिरलं की पायडल फिरणारच. कोडोलीचं मैदान मारल्यावर त्यांची बैलगाडीतून मिरवणूक निघाली होती, सायकलसकट. ही गदा हातची गेल्यावर मात्र त्यांनी नगरला पंक्चरचं दुकान टाकलं. मी तिथूनच वर आलो.

तालमीत लाल मातीचा गार वास होता. भिंतीवरच्या फळ्यावर कुस्त्यांच्या निकालांखाली वडिलांचं आणि जयसिंगपूरच्या भूपालअण्णांचं नाव, पुढे 'बरोबरीत'. वस्तादांनी मला मोठा पेला भरून दूध दिलं, गदा मात्र लांबूनच दाखवली. दर दसऱ्याला तिची पूजा होते म्हणे. फळ्यावरचं बदलता येत नाही, पण अण्णा अजून आहेत, त्यांनाच विचारा, असंही त्यांनीच सांगितलं.

जयसिंगपूरच्या वाटेवर उसाच्या ट्रॉलीमागे अडकलो. हॉर्न वाजवून थकलो; शेवटी बाजूने पुढे निघालो, तेव्हा ट्रॅक्टरवाल्याने माझ्याकडे न बघता उसाचं एक कांडं मोडून खिडकीतून दिलं. ते चघळतच पोचलो.

नव्वदीला टेकलेले अण्णा मुलाच्या कापडदुकानात गादीवर बसले होते. नाव सांगण्याआधीच त्यांनी मला नाकावरून ओळखलं. मग आपणहून सांगू लागले. शेवटच्या फेरीत जो पुढे निघेल तो वारा कापणार, मागचा त्याच्या आडोशाने येऊन शेवटी त्याला गाठणार. म्हणून दोघंही निघेनात. सायकली जागेवर तोलून उभे राहिले. ज्याचा पाय आधी जमिनीला टेकेल तो हरला, हे आधीच कबूल झालेलं. लोकांना वाटलं, पैलवान दम खातायत.

"माझा पाय टेकला की," अण्णा म्हणाले. "उजवा. तुझा बा तसाच हुबा, बगळ्यावानी."

"मग बोलला का नाहीत?" माझा आवाज दुकानभर गेला.

"बोललो की. हरलो म्हणून वराडलो. पंच जन्मभर कुस्त्या सोडवणारा. म्हणला, पाय टेकतातच, पाठ कुणाची टेकली ते सांग. दोघांची बी टेकली न्हाई, मग बरोबरीच की."

ते इतके हसले की मलाही हसू आलं. मग काठी घेऊन उठले, चपला घातल्या आणि न विचारता माझ्या गाडीत जाऊन बसले.

तालमीत फळ्यासमोर उभं राहून त्यांनी 'मी हरलो' असं खणखणीत सांगितलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या, वस्तादांनी त्यांच्या पायांना हात लावला आणि सांगितलं, कमिटी बसल्याशिवाय काही होत नाही.

नगरला परतलो. येताना गूळ आणला, कोल्हापुरी चपला आणल्या. गदा तेवढी राहिली. माणसं तिथली सोन्यासारखी, दूध पाजणारी, ऊस देणारी, हरल्याचं टाळ्या घेऊन सांगणारी. म्हणूनच कमिटीला चारचौघांत विचारतो. हरलेला माणूस स्वतः येऊन सांगून गेला. आता कुणाची पाठ टेकायची वाट बघताय, सायकलची?