हेमालीने पुसलेला चौकोन

हेमाली बोईसरच्या केंद्रात पहिल्यांदा गेली ती प्रिंटर दुरुस्त करायला. तेव्हा ती एका कारखान्याच्या ऑफिसात कामगारांची हजेरी कॉम्प्युटरवर चढवायची. सातपाटीहून सकाळची एसटी, संध्याकाळी परत. केंद्रात न बोलणारी मुलं येत. प्रिंटर सुरू झाला, चाचणीचा कागद बाहेर आला, आणि एका मुलीने तो उचलून गालाला लावला. कागद गरम होता. हेमाली तासभर कोरे कागद छापत बसली. पुढच्याच महिन्यात कारखाना सोडून ती केंद्रात कामाला लागली.

ती मुलगी रिद्धी. सातपाटीचीच, हेमालीच्या घरापासून दोन आळ्या पलीकडची. वय सात. जन्मापासून तोंडातून शब्द नाही. पडली, लागलं, तरी रडायची नाही. भिंतीकडे तोंड करून गुडघे पोटाशी घ्यायची, तेवढंच. बाप बोटीवर. आई मंजुळा मासळी विकायची. रिद्धीला काय होतंय हे ओळखणं म्हणजे अंधारात चाचपडणं, असं ती सांगायची.

केंद्रात टॅब होते. चित्राला बोट लावलं की टॅब बोलायचा. पण चित्रं परकी, आवाज बातम्या वाचणाऱ्या बाईसारखा. रिद्धी त्याच्याकडे ढुंकून बघत नसे. हेमालीने सगळं नव्याने बांधलं. रिद्धीचाच कान, रिद्धीचाच गुडघा, पोटावर ठेवलेला रिद्धीचाच हात, असे फोटो काढले. शेजारच्या प्रतीक्षाला बसवून गावच्या बोलीत आवाज भरला. एका चौकोनात एक दुखणं. तो टॅब रिद्धीबरोबर घरी जाऊ लागला.

तिसऱ्या आठवड्यात रिद्धीने कानाचा चौकोन दाबला. मंजुळा मासळी साफ करत होती. तिने हात धुतले नाहीत, तशीच उठली. डॉक्टरांनी कानात पाहिलं, आत पू झाला होता. त्या दिवशी मंजुळाने केंद्रातल्या सगळ्यांसाठी पापलेट आणलं आणि हेमालीला जवळ बसवून स्वतः वाढलं.

मग रिद्धीला आणखी एक गोष्ट कळली. पोटाचा चौकोन दाबला की आई टोपली सोडून येते, मांडीवर घेते, पोटावर हात फिरवते. ती दिवसभर पोट दाबू लागली. घरात दाबायची, बाजारात दाबायची. "माज्या पोटान दुखते." आजूबाजूच्या कोळणी हसायच्या. मंजुळे, तुझे बोंबीलपण बोलतात का गं, म्हणायच्या. डॉक्टरांकडे दोन फेऱ्या झाल्या. पोट मऊ, काही नाही. गिऱ्हाईक दुसरीकडे वळायचं, बर्फ वितळायचा.

मंजुळाची सासू काशीबाई एकदा हेमालीला दारातच म्हणाली, "देवानं पोरीला जीब नाय दिली, ती तू दिलीस. आता जरा आवर तिला."

मंजुळाने तेच अजिजीने सांगितलं. थोडे दिवस पोटाचं चित्र काढून टाक.

दुखण्याचा शब्द कधी काढायचा नसतो, हे हेमालीला केंद्रात शिकवलं होतं. तिला ते पाठ होतं. पण मंजुळाच्या डोळ्यांखालचं काळं तिने रोज पाहिलं होतं. पोरीला दुखत नाही, आई हवी आहे, हेही उघड दिसत होतं. तिने 'जवळ घे' असा नवा चौकोन केला आणि पोटाचा पुसला. पंधरा दिवसांसाठीच. ती जागा पांढरी राहिली.

अकराव्या दिवशी, गुरुवारी, रिद्धी जेवली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. ती तशी पडायचीच. शुक्रवारी ताप आला, उलटी झाली. गावातल्या दवाखान्यातून औषध आणलं. शनिवारी दुपारी तिचं पोट लाकडासारखं कडक लागलं, तेव्हा रिक्षा करून पालघरला नेलं. तिथून पुढे पाठवलं. आतडं फुटून विष पसरलं होतं. रविवारी सकाळी रिद्धी गेली.

तेराव्यानंतर काशीबाईने टॅब केंद्रात आणून दिला. दुसऱ्या पोराला होईल, म्हणाली.

हेमालीने त्यातलं जुनं पुसायला तो उघडला. पडद्याला बोट लागलं की वेळेची नोंद व्हावी, ही सोय तिनेच केली होती. चौकोन रिकामा असला तरी नोंद व्हायची. गुरुवार सकाळपासून ओळीच ओळी होत्या. सगळ्या एकाच जागेच्या. पोटाच्या, पांढऱ्या.

दोन दिवस तिने कोणाला सांगितलं नाही. पुसून टाकलं असतं तर कोणाला कधीच कळलं नसतं. तिसऱ्या दिवशी टॅब घेऊन ती मंजुळाच्या घरी गेली.

मंजुळा ओट्यावर बसली होती. टॅब पाहून तिने पदर सावरला आणि आधी तिनेच विचारलं, "ती काय बोलली नाय ना गं, बाय? दुखत असतं तर तिनं दाबलं असतं ना?"

एक 'नाही' पुरलं असतं. मंजुळा तेच मागत होती.

"दाबलं, वहिनी," हेमाली म्हणाली. "पोटाच्याच जागी दाबलं. तिथं आवाज नव्हता. मी काढला होता."

आतून काशीबाई दारात येऊन उभी राहिली. मंजुळा म्हणाली, "मीच सांगितलं व्हतं तुला." मग म्हणाली, "वाच."

हेमालीने नको म्हणून पाहिलं. मंजुळाने टॅब तिच्याकडे सरकवला. हेमाली वाचू लागली.

"गुरुवार. सकाळी नऊ वाजून दहा."

"बर्फ आणायला गेलते."

"साडेनऊ."

"तवापण तिथंच."

"बारा वाजून पाच."

"बाजारात."

प्रत्येक ओळीला मंजुळा आपण कुठे होतो ते सांगत गेली. काही वेळा ती घरातच होती, हातभर अंतरावर. तेही तिने सांगितलं. शुक्रवार झाला. शनिवार आला. काशीबाई कधीतरी खाली बसली होती.

"दोन वाजून चाळीस."

"रिक्षाला गेलते. मेली एक रिक्षा थांबत नव्हती." मंजुळा थांबली. "पुढं?"

"पुढं नाही, वहिनी."

मंजुळाने पडद्याकडे पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी ओळी संपलेल्या दिसत होत्या. टॅब घाईघाईत खाटेवरच राहिला होता, हे तिला तेव्हा आठवलं.

"म्हंजे दवाखान्यात रातभर तिच्या हातात कायच नव्हतं," ती म्हणाली.

तिने हेमालीच्या हातातून टॅब घेतला, मांडीवर ठेवला आणि त्या पांढऱ्या जागेवर बोट टेकवून तशीच बसून राहिली.