आमचा साडभाऊ आणि अडकलेले कागद

आमच्या साडभाऊनं आयुष्यात एकही काळजी वाया घालवलेली नाही. इतरांनी अर्धवट सोडलेल्या, विसरलेल्या काळज्यासुद्धा तो उचलून घरी नेतो आणि पोसतो. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा आमगावला राहतो आणि गोंदिया जिल्ह्यातल्या कार्यालयांतले म्हातारे लेझर प्रिंटर दुरुस्त करतो. म्हातारे हा शब्द मी जपून वापरतो आहे. आमच्या कार्यालयातल्या प्रिंटरच्या डोळ्यांदेखत चार साहेब बदलून गेले, दोन निवृत्त झाले. तो मात्र ‘नवीन यंत्राचा प्रस्ताव सादर आहे’ या एका वाक्यावर तग धरून आहे, आणि तो प्रस्तावही त्याच्यातच छापलेला. अशा यंत्रात कागद अडकला की लोक चिडतात. साडभाऊ चिडत नाही, तो घाबरतो.

दारातून आत येतानाच त्याचा पहिला प्रश्न असतो, “कोनी ओढलं?” अडकलेला कागद उलट्या दिशेनं ओढणारा माणूस त्याच्या लेखी घरातल्या म्हाताऱ्यावर हात उगारणाऱ्याच्या पंगतीतला. मग तो टेबलावर वर्तमानपत्र पसरतो, आतून निघालेले तुकडे एकेक करून जुळवतो आणि चारही कोपरे सापडल्याशिवाय झाकण लावू देत नाही, कारण नखाएवढा तुकडा आत राहिला तरी यंत्र पुन्हा अडतं. सौंदडला एका कार्यालयात असाच एक कोपरा सापडेना. साडभाऊनं केराची टोपली उपसली, तीन ड्रॉवर उघडायला लावले आणि शेवटी बाबूला खिसे उलटे करायला सांगितले. कोपरा निघाला. बाबूनं त्याची सुरळी करून कान कोरला होता. साडभाऊनं तो चिमट्यानं उचलून जागेवर ठेवला, नकाशा पुरा झाला आणि मगच झाकण लागलं. बाबू त्यानंतर त्याला बघितलं की कानावर हात ठेवतो.

त्याचं दुसरं वैर ओलीशी. धान घेणारा व्यापारी दाणा दाताखाली फोडून ओल सांगतो, तसा हा कोरा कागद गालाला लावून सांगतो. “दमट हाय. मशीनमंदी फसन.” श्रावणात तो सगळ्या कार्यालयांना कागद उन्हात घालायला लावतो. एका ठिकाणी नवे साहेब तपासणीसाठी गच्चीवर गेले, तर तिथं पाचशे कोऱ्या कागदांचं वाळवण घातलेलं, प्रत्येकावर एक खडा, आणि शिपाई काठी घेऊन राखणीला. साहेबांनी खुलासा मागवला. तो लिहायला कार्यालयात कागद नव्हता.

दुरुस्ती झाली म्हणून काळजी संपत नाही, तिचा मुक्काम फक्त हलतो. परतीच्या गाडीत बसला की त्याचा फोन येतो.

“भाऊजी, करकर आवाज येऊन राहिला का?”

“नाही.”

“जराबी नाही?”

“अजिबात नाही.”

“मंग मशीन बंद तं नाही पडली?”

मी त्याची भरपूर चेष्टा करत आलो. गेल्या पावसाळ्यात मात्र त्याच्या या भित्रेपणाची गरज मलाच पडली.

त्या दिवशी जिल्ह्याहून मोठे साहेब येणार होते. पटांगणात मंडप घातला होता, एक मखमली खुर्ची आणली होती आणि चारही पंख्यांची तोंडं त्या एका खुर्चीकडे वळवली होती. साहेबांचं भाषण आमच्याकडेच छापायचं होतं. भाषण बारा पानांचं, अक्षर अंगठ्याएवढं, कारण चष्म्यातले फोटो साहेबांना आवडत नाहीत. यंत्र दगा देईल या भीतीनं साडभाऊला सकाळपासून त्याच्या शेजारी बसवून ठेवलं होतं. तो जरा चहाला गेला आणि तेवढ्यात देवरीकडच्या जंगलपट्ट्यातले एक म्हातारबा नातीला घेऊन माझ्या टेबलापाशी आले.

नातीला नागपूरला नर्सिंगला जागा मिळाली होती. जातीची पडताळणी झाली तरच ती टिकणार होती, आणि पडताळणीसाठी त्यांच्याजवळ एकच जुना पुरावा होता, म्हातारबांच्या वडिलांचा शाळेचा दाखला. पिवळा पडलेला, चार घड्यांचा, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला. त्या शाळेचं रजिस्टर वाळवीनं कधीच खाल्लं होतं, त्यामुळे दुसरा दाखला मिळायची सोय नव्हती. मला फक्त त्याची प्रत काढून शिक्का मारायचा होता, आणि आमचं यंत्र छापतं तशा प्रतीही काढतं. असा कागद काचेवर ठेवून प्रत काढतात हे आमच्या शिपायालाही ठाऊक आहे. मी मंडपाकडे बघत बघत तो यंत्राच्या वरच्या तोंडात सरकवला, जे कागद आपणहून आत ओढून घेतं. त्यानं तो ओढला, मग ते कुरकुरलं आणि अर्ध्यात थांबलं.

“साहेब, कागद कुठी गेला जी?” म्हातारबांनी विचारलं.

साडभाऊ आला. “कोनी ओढलं?”

“कोणी नाही ओढलं. मी टाकला.”

“तुमी? काऊन टाकला जी भाऊजी?” त्याच्या तोंडावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

त्यानं यंत्र बंद केलं, वरचं झाकण उघडून बॅटरी मारली. दोन रोलरांच्या मधे दाखला पंख्यासारखा चुण्या होऊन बसला होता. घडी चिरायला आली होती, आणि जात लिहिलेली ओळ आतल्या भागात होती. एवढ्यात साहेबांचे स्वीय सहायक आत आले. या गृहस्थांच्या खिशाला साहेबांपेक्षा जास्त पेनं असतात.

“भाषण किधर है? साहब निकल गए वहाँ से.”

“कागद अडकलाय,” मी म्हटलं.

“तो खींच डालो ना यार! एक पुराने कागज के लिए प्रोग्राम रोकोगे क्या?”

साडभाऊ हा वाटेतल्या कुत्र्यालाही ‘जरा सरकता का जी’ म्हणणारा माणूस. त्याच्या कपाळावर घाम आला होता. तो म्हणाला, “नाही ओढत जी.”

“किससे बात कर रहे हो, मालूम है?”

“कोनी बी असो. नाही ओढत.” असं म्हणून त्यानं यंत्राची वायर भिंतीतून काढली, गुंडाळली आणि आपल्या पिशवीत ठेवली.

मग त्यानं जे केलं ते पाहून मला वाटलं, याचं डोकं फिरलं. त्यानं डब्याचा रुमाल भिजवला, थेंब पडेनासा होईपर्यंत पिळला, कागदाला लागणार नाही असा त्या चुण्यांजवळ ठेवला आणि वरून झाकण लावून टाकलं. आयुष्यभर ओलीशी वैर धरलेला हा माणूस!

“आता?” मी विचारलं.

“आता थांबा लागते. आमची माय बिड्या वळे, भाऊजी. तेंदूचं पान कोरडं वळलं का मोडते. ओल्या फडक्यात ठेवलं का आयकते.”

तो अर्धा तास मी विसरणार नाही. बाहेर लाउडस्पीकर ‘थोड्याच वेळात’ म्हणत होता, सहायक फोनवर कोणाला तरी माझं नाव आणि हुद्दा सांगत होते, आणि साडभाऊ यंत्रासमोर बसून पुटपुटत होता. शाई उतरली तं? घडीवरून गेलं तं? म्हातारबा भिंतीला टेकून उभे होते, खुर्ची दिली तरी बसले नाहीत. त्या खोलीत शांत होती ती एकटी नात. जिची जागा जायची तीच म्हणाली, “काका, पानी प्या न.”

“नको माय, हात ओले होतीन.”

मग त्यानं झाकण उघडलं, बाजूचं दातेरी चाक मोकळं केलं आणि एका बोटानं ते पुढं सरकवायला लागला, एकेक दाता. त्या वेळी त्याचा हात हलत नव्हता. बाकी सगळा माणूस हलत होता. कागद तांदळाच्या दाण्याएवढा बाहेर आला, मग दोन दाण्यांएवढा. शेवटी पूर्ण निघाला. मधल्या घडीवर बोटभर चीर गेली होती. नातीनं वाकून वाचलं. पणजोबांचं नाव, गाव, आणि खाली स्पष्ट, गोंड. म्हातारबांना वाचता येत नव्हतं. ते तिच्या तोंडाकडे पाहत होते. तिनं मान हलवली तेव्हा ते खाली बसले.

जरा वेळानं त्यांनी दाखला हातात घेतला, डोळ्यांना लावला आणि सवयीनं घडी घालायला लागले, तसा साडभाऊ ओरडला, “घडी नका घालू जी!” आणि फाइलीचे दोन पुठ्ठे कापून त्यानं तो मधे ठेवून दिला. मग पिशवीतली वायर त्यानं परत भिंतीत लावली आणि मी प्रत काढली. काचेवर ठेवून.

साहेब तोवर मंडपात पोचले होते, त्यांना कागदाविना बोलावं लागलं. ते चार मिनिटं बोलले. लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर दर रविवारी फोन. “त्या चिरीचं काही आलं का जी?” पडताळणी समितीनं चीर पाहून दाखला फेटाळला तर, ही त्याची नवी काळजी, आणि खरं सांगायचं तर माझीही. काही महिन्यांनी मुलीचा निरोप आला की पडताळणी झाली, जागा पक्की. मी लगेच साडभाऊला कळवलं.

“मंग आता पोरगी तिकडं एकटी राहीन का?” तो म्हणाला. “खोलीत किती जनी हायत? जेवन कसं भेटते? विचारून सांगा न जी.”

मी मुलीला फोन केला. खोलीत चौघी आहेत, जेवण बरं आहे, असं तिनं सांगितलं. फोन ठेवता ठेवता म्हणाली, “अन् काका कसे हायत?”

बरे आहेत, असं मी म्हटलं. मग फोन हातात धरून बसलो. इतकी वर्षं त्याचे फोन येतात, मी उत्तरं देतो आणि हसतो, पण तो कसा आहे हे मी त्याला एकदाही विचारलेलं नाही.