मोठी अक्षरं

आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर अक्षरं फार मोठी दिसायची. खडकीच्या कारखान्यातून रिटायर झाल्यावर ह्यांनी ती स्वतःच वाढवून घेतली होती. सकाळी पेपर उघडला की एका ओळीत जेमतेम तीन शब्द मावायचे. मला त्याचा राग यायचा. "समोरच्या बिल्डिंगलाही वाचून दाखवायचंय का?" असं मी विचारायचे. हे नुसते हसायचे आणि पान इकडून तिकडे सरकवत वाचत राहायचे.

हे गेल्यावरही मी अक्षरं तशीच ठेवली. चिडायला तेवढंच उरलं होतं. मग मागच्या आठवड्यात सिक्युरिटी अपडेट आलं, मी हो म्हटलं, आणि ब्राउझर परत उघडला तेव्हा अक्षरं मुंगीएवढी झाली होती. म्हणजे सगळ्यांकडे असतात तेवढी. इतकी वर्षं मला हवी होती तेवढी.

मी मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आई, काही बिघडलं नाहीये, झूम रीसेट झालाय. कंट्रोल धरून प्लस दाब. आधी किती टक्के होतं?"

मला माहीत नव्हतं. मी दाबत गेले. दीडशे, दोनशे, अडीचशे. तीनशेवर ओळीत तीनच शब्द उरले, तेव्हा थांबले.

अगदी जाईपर्यंत हे मला स्कूटरवरून बिबवेवाडीहून मंडईत नेत होते, आणि मी मागे निवांत बसत होते. अक्षरांवरून रोज टोमणे मारले. तुम्हाला दिसतं किती, हे एकदाही विचारलं नाही.