सातवं पीस

फोन आला तेव्हा मी जयपुरात, झालान्याच्या ऑफिसात होते. काकू एवढंच म्हणाली, "अगं, हे उठतच नाहीयेत…" खातीपुऱ्याला त्यांच्या घरी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याला आता महिना होऊन गेला.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. साताऱ्याकडून फौजेत गेले, वर्कशॉपात गाड्यांवर नंबर नि निशाण्या रंगवत निवृत्त झाले आणि जयपुरातच राहिले. वडील गेल्यावर मला त्यांनीच इथं आणून कॉलेजात घातलं. आमच्या घराण्यातली पहिली बी.कॉम. मी, हे मी आजही कुणी न विचारता सांगते. काका तर भाजीवाल्यालाही सांगायचे.

निवृत्तीनंतर त्यांनी भंगारातून एक जुनी रेसची गो-कार्ट उचलली आणि दोन वर्षं तिच्यामागे घालवली. सगळं जमलं, राहिला फक्त स्टिअरिंगच्या मधोमधचा बिल्ला. त्यावर पंख पसरलेला ससाणा. डाव्या पंखाची सात पिसं दिसत होती, उजवा पंख गंजानं खाल्लेला. मी कंप्युटरवर डावा पंखच उलटा करून उजवीकडे लावला नि प्रिंट हातात दिली.

"उजवीकडं पण सातच कशावरनं गं?"

"दोन्ही पंख सारखेच असतात, काका."

"असंल बाई. कॉलेज तू केलंयस, मी आपला ब्रशवाला."

ॲल्युमिनियमच्या चकतीवर त्यांनी श्वास रोखून पिसं ओढली. एका श्वासाला एक पीस. काकू चहा घेऊन आली तर तिला हातानंच थांबवलं.

पुढं कार्टच्या जुन्या मालकानं मूळ बिल्ल्याचा एक फोटो पाठवला. उजव्या पंखाला सहाच पिसं होती…

"काका, पुसून परत काढा ना."

"काढू की सावकाश. एक पीस जास्त, मतलब, उडंल चांगला!"

काढलं मात्र नाही. उलट येईल त्याला बिल्ला दाखवायचे, "डिझाइन आमच्या पुतणीचं." शिकलेल्या माणसाची चूक अशी चारचौघांत… एकदा मी चिडून म्हणाले, "माझी चूक मिरवायची आहे का तुम्हाला?" ते ब्रश धुवायला उठून गेले. माफी मागायची राहूनच गेली.

तेराव्यानंतर त्यांच्याच ब्रशनं मी नवी चकती रंगवायला घेतली. तीन बिघडल्या, चौथी साधली. उजवीकडे मोजून सहा. परवाच्या रविवारी बिल्ला बदलायला गेले. काकांची वर्कशॉपातली एक सवय होती, रंगवलेल्या प्रत्येक पाटीच्या मागे काम करणाऱ्याचं नाव टाकायचं. घराच्या पाटीमागेही त्यांचं नाव आहे. स्क्रू काढून मी चकती उलटी केली. मागे बारीक अक्षरांत माझं नाव होतं, पुढे बी.कॉम. त्यांचं नाव कुठंच नव्हतं.

"झालं का गं बदलून?" काकूनं आतून विचारलं.

"नाही बदलत, काकू."

तोच ब्रश घेऊन मी माझ्या नावाखाली त्यांचं नाव लिहिलं. रंग वाळेपर्यंत चकती हातात धरून कार्टमध्ये बसून राहिले… मग सातव्या पिसासकट ती होती तिथंच बसवली.