भाकरी कुणी बंद केली?

अन्याय झाला माझ्या वडिलांवर, आमच्या दादांवर, सूर्यमाळच्या शाळेतल्या गुरुजींवर. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या सोमवारी, नाशिकच्या एका दवाखान्यात. ईसीजीची पट्टी बघत डॉक्टर म्हणाले, 'अँजायना'. म्हणजे हृदयाला रक्त कमी पडतं आणि छाती आवळून येते. गोळ्या लिहिता लिहिता पुढे म्हणाले, "मेडिटेरेनियन डाएट घ्या. ऑलिव्ह ऑईल, अक्रोड, सॅलड, ब्राऊन ब्रेड. बाकी सगळं बंद."

भूमध्य समुद्राकाठची माणसं जेवतात तसं जेवायचं, एवढाच त्याचा अर्थ. तो त्यांनी सांगितला नाही. खोडाळ्यात आमच्या चुलीवर काय शिजतं, तेही विचारलं नाही. पुढचा पेशंट दारात उभा होता.

दादा शिकलेले, डॉक्टरचा शब्द पाळणारे. औषधाच्या दुकानात ऑलिव्ह ऑईल मागितलं तर दुकानदाराने मालिशची बाटली पुढे केली आणि विचारलं, "बाळ केवढं आहे?" अक्रोड खोडाळ्याच्या बाजारात कुणी पाहिलेला नाही. उरलं काय? काकडी आणि जव्हारहून एसटीने येणारा शिळा ब्रेड.

नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी बंद. उडदाची आमटी, टाकळ्याची भाजी, ओहोळातले मासे, खुरासणीचं तेल, सगळं बंद. आई म्हणाली, "गुरुजी, हंडाभर पाणीपण तिकडूनच मागवा. इथलं आटलंच हाय." दादा हसले. भाकरीला हात लावला नाही.

मार्चमध्ये शाळेचा चढ चढताना ते कोसळले.

जीपने पुन्हा नाशिक, या वेळी दुसरं हॉस्पिटल. बाकावर बसून रिपोर्टची वाट. 'ॲनिमिया' निघाला, म्हणजे अंगातलं रक्तच कमी झालेलं, आणि त्याचा ताण आधीच दुखऱ्या हृदयावर. इथल्या डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा विचारलं, आधी घरी काय खात होता? दादांनी वर्गात पाढे म्हणावेत तसं सगळं सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"गुरुजी, ते भूमध्य समुद्राकाठचं जेवण आणि तुमचं घरचं जेवण यात फार फरक नाही. तेल बेतानं, मीठ कमी, गोळ्या चुकवायच्या नाहीत. भाकरी कुणी बंद केली?"

आई म्हणाली, "मी नाय केली, बाई."

दादा आता जेवतात, अंगणात फिरतात. सूर्यमाळचा चढ मात्र सुटला तो सुटलाच, शाळा दुसऱ्या गुरुजींकडे गेली. त्या बाईंचे आम्ही आभारी आहोत. पण एका साध्या प्रश्नासाठी आभार मानावे लागतात, याची चीड येते.

उद्या तुमच्या घरात कुणाला 'डाएट' सांगितलं, तर खुर्ची सोडू नका. घरी काय शिजतं ते एकेक नाव घेऊन सांगा. यातलं काय चालेल, काय नाही, ते विचारा. उत्तर मिळेपर्यंत उठू नका. मागे रांग खोळंबली तर खोळंबू द्या.