वृंदा, डांग्या खोकला आणि माझे हजेरीचे बक्षीस

वृंदा गेली हे मला तिच्या लालबागच्या दवाखान्याच्या बंद शटरवर चिकटवलेल्या कागदावरून कळले. मी रक्तदाबाच्या गोळ्यांविषयी विचारायला गेलो होतो. ती लहान मुलांची डॉक्टर, पण मला, गिरगावच्या चाळीतल्या जुन्या शेजाऱ्याला, ती ‘वाढलेलं मूल’ म्हणून तपासत असे. कागदावर तिच्या नर्सबाईंच्या अक्षरात तीनच ओळी होत्या. आदल्या दुपारी जेवून ती आडवी झाली आणि पुन्हा उठली नाही, हे शेजारच्या दुकानदाराने सांगितले. मी तो कागद दोनदा वाचला, पाठ तपासावा तसा. त्याला आता सहा आठवडे झाले. लिहायला बसलो आहे ते दुःख ओसरले म्हणून नव्हे. एक गोष्ट मनात वागवून थकवा आला आहे आणि ती तिच्यासंबंधी असल्याने इथेच सांगितलेली बरी.

परळच्या एका शाळेत मी एकतीस वर्षे विज्ञान शिकवले. गिरण्या बंद पडल्यानंतरच्या वर्षांत आमच्या वर्गांत येणाऱ्या मुलांच्या घरी काहीच निश्चित नसे. वडील कधी वॉचमन, कधी टेम्पोवर, कधी नुसतेच घरी. या मुलांना स्वतःच्या बळावर मिळवता येईल असे काहीतरी असावे म्हणून मी शंभर टक्के हजेरीचे बक्षीस सुरू केले. प्रमाणपत्र, कंपासपेटी आणि वार्षिक समारंभात मंचावर नावाचा पुकारा. हुशारी लागत नाही, पैसा लागत नाही, फक्त रोज यावे लागते, असे मी दर जूनमध्ये सांगत असे. मुले तापात आली, पाय मुरगळलेला असताना आली. मला त्याचा अभिमान होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

वृंदा आमच्या शाळेच्या आरोग्य समितीवर होती. माझ्या निवृत्तीच्या तीन वर्षे आधी एका पालकांनी सुचवले की, नववीच्या मुलांना डांग्या खोकल्याचा बूस्टर देण्यासाठी शिबिर भरवावे. विषय समजून घेण्यासारखा आहे. बाळपणी दिलेल्या लशीचा प्रभाव किशोरवयापर्यंत ओसरतो. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी सरकारी दवाखान्यात जी लस मोफत मिळते तिच्यात धनुर्वात आणि घटसर्प असतात, डांग्या खोकला नसतो. तिन्हींची एकत्र लस बाहेरून घ्यावी लागते. मी सभेत फळ्यावर दोन रकाने आखले. फायद्याखाली लिहिले : काही आठवड्यांचा खोकला टळेल. तोट्याखाली : या वयात आजार सहसा जिवावर बेतत नाही, संरक्षण काही वर्षांतच पुन्हा उतरते, लस महाग, दोन दिवस दंड दुखतो, रांगेत एक मुलगी चक्कर येऊन पडली की पाठोपाठ चार पडतात. दुसरा रकाना लांब झाला. मी त्याच्याखाली रेघ मारली.

वृंदा मागच्या बाकावरून म्हणाली, “मास्तर, तुझ्या फळ्यावर फक्त नववी आहे.”

“शिबिर नववीचंच आहे.”

“हो, पण शाळा सुटली की नववी घरी जाते ना रे.”

पालक हसले. तिला वाटत होते की मी पुढे विचारावे. मी विचारले नाही. मग तीच थोडक्यात बोलली. हा खोकला मोठ्या मुलाला बेजार करतो, पण ज्या बाळाची पहिली लसही अजून झालेली नाही त्याचा श्वास थांबवतो. म्हणून सगळ्यात आधी गरोदर बाईला लस, कारण तिचे संरक्षण बाळापर्यंत पोचते. त्यानंतर दहा-बारा वर्षांच्या मुलांना, पालकांना दोन्ही बाजू सांगून. “सरसकट रांग लावून टोचायला मी येणार नाही,” ती म्हणाली, “पण हा विषय असा पुसूही नका.” मुख्याध्यापिकांनी पुढच्या वर्षी पाहू म्हणून कागद मिटला.

त्याच हिवाळ्यात माझ्या वर्गातल्या तन्वीला खोकला झाला. पाचवीपासून ती एकही दिवस गैरहजर नव्हती. खोकल्याची उबळ आली की तिचा चेहरा लालबुंद होई, कधी उलटीही होई. मी तिला नळावर पाठवी, तोंड धुऊन ती परत येई. घरी मालवणहून आलेली आजी म्हणे, “खोकलो तो, लागता नि जाता.” मी वर्गात सर्वांसमोर म्हटले, “शाबास तन्वी, आता बक्षिसाला चारच महिने.” हे वाक्य मी उच्चारले आहे... त्याला दुसरा साक्षीदार शोधायची गरज नाही.

त्या दिवसांत तन्वीच्या मोठ्या भावाला मुलगा झाला. चौदाव्या वर्षी आत्या झाल्याचे तिने मला तीनदा सांगितले. बारशाला बाळाच्या कानाशी तोंड नेऊन ‘कुर्र’ करण्याचा आणि नाव सांगण्याचा मान आत्याचा. तो तिने घेतला, वहिन्यांनी रीतीप्रमाणे पाठीत धपाटे घातले आणि हसता हसता तिला पुन्हा उबळ आली. हे तिने दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन, अर्थातच हजर राहून, सांगितले.

आठ-दहा दिवसांनी मधल्या सुट्टीत वृंदाचा फोन आला.

“तन्वी तुझ्या वर्गात आहे?”

“आहे. आजही हजर आहे.”

“किती दिवस खोकतेय?”

“तीन... साडेतीन आठवडे असतील.”

“बाळ निळं पडलं रे सकाळी. खोकत नव्हतं, नुसतं श्वास घ्यायचं थांबत होतं. परळच्या मुलांच्या इस्पितळात पाठवलंय.”

बाळ अठरा दिवस प्राणवायूवर होते. वाचले. तन्वीची तपासणी केली तेव्हा उशीर झाला होता, तीत काही निघाले नाही. मला निश्चित उत्तर हवे होते. ती सवय धंद्याचीच. वृंदा म्हणाली, “तिच्याकडून आला असं मी लिहून देऊ शकत नाही. नाही आला असंही लिहून देणार नाही.” तन्वीने मात्र मला गाठून विचारले, “सर, मी कानात बोलले म्हणून का हो?” मी म्हटले, “तसं सिद्ध झालेलं नाही.” उत्तर बिनचूक होते आणि त्या मुलीच्या काहीही उपयोगाचे नव्हते. वृंदाने तिला दवाखान्यात बोलावून घेतले. “घरी थांब असं कोणी सांगितलं होतं तुला? नाही ना? मग चूक सांगणाऱ्यांची,” असे तिने माझ्यादेखत, माझ्याकडे न पाहता सांगितले.

तन्वी निघून गेल्यावर मी म्हटले, उद्याच शिबिर भरवू, सगळ्या वर्गांचे. वृंदा थकून खुर्चीत मागे टेकली.

“त्या सभेत मोजून नाही म्हणालास, आज घाबरून हो म्हणतोयस. मुलांना लस द्यावी, मी रोज सांगते. ती पुरणार दोन-चार वर्षं. तुझं बक्षीस बावीस वर्षं चाललंय.”

“बक्षिसाचा काय संबंध?”

“मास्तर, इतका ढ तू शाळेतही नव्हतास.”

संबंध मला कळला होता. पण बक्षीस बंद करणे म्हणजे बावीस वर्षांच्या मुलांना तुम्ही चुकीच्या गोष्टीसाठी धडपडलात असे सांगणे, असे मला वाटे. मी मधला मार्ग काढला : डॉक्टरांची चिठ्ठी आणल्यास आजारपणाची रजा हजेरीत धरली जाईल. महिन्याभरात माझी खोकणारी मुले चिठ्ठीसाठी वृंदाच्या दवाखान्यात, पहिल्या लशीला आलेल्या तान्ह्या बाळांच्या शेजारी, बसू लागली. “रोग वर्गातून उचललास आणि माझ्या बाकावर आणून बसवलास,” ती म्हणाली. मी हसलो. तिने शाळेच्या मुलांसाठी संध्याकाळची वेगळी वेळ ठेवली, म्हणजे स्वतःचे काम एक तासाने वाढवले. पुढे मी निवृत्त झालो आणि शाळेने त्या बक्षिसाला माझेच नाव दिले. ती दर वर्षी विचारी, “बंद केलंस?” मी म्हणे, पुढच्या वर्षी. शेवटी शेवटी तिने विचारणे सोडून दिले होते... ते मला विचारण्याहून जड जाई.

पालकांच्या सभेत लशीविषयी ती दर वर्षी बोलत असे. यंदा ती नसल्याने शाळेने मला बोलावले. मी दोन रकाने आखले, या वेळी घरातल्या सगळ्यांना धरून. गरोदर बायकांचे आधी लिहिले. किशोरांच्या लशीचा फायदा आणि तिची मर्यादा, दोन्ही लिहिले. रेघ मारली नाही, निर्णय आपापल्या डॉक्टरांना विचारून घ्या म्हटले. मग मुख्याध्यापिकांशी आधी बोललो होतो त्याप्रमाणे, हजेरीचे बक्षीस या वर्षापासून बंद होत असल्याचे सांगितले. सभागृहात फारसे काही झाले नाही. एका पालकांनी घड्याळ पाहिले.

सभा संपल्यावर आईबरोबर आलेली नववीतली एक मुलगी माझ्यासमोर उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. “सर, पाचवीपासून एकदाही नाही चुकवलं मी. आत्ताच का बंद केलंत?”

वृंदाची एक सवय होती. मोठे मूल खोकत आले की छातीला नळी लावण्याआधी ती विचारी, घरी कोण कोण असतं? आईबाप वैतागत, खोकला याला आहे आणि डॉक्टर घरची चौकशी करतात. मी त्या मुलीला तेच विचारले.

तिने डोळे पुसून बोटांवर मोजले. आजी, आई, बाबा, काका, काकू. मग थांबली.

“काकूचं बाळ पण आहे, सर. पण ते अजून आलेलं नाही.”

मी म्हटले, “त्यालाही मोज.”